हाताची घडी सोडली की

तीन वर्षांच्या मुलाला आकडे म्हणायला सांगा. ते दहापर्यंत जाईल, कधी सहा गाळून, कधी आठावरून पुन्हा पाचावर येऊन, पण पोचेल. आई कौतुकाने हसेल. मग त्याच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, "पाच चिंचोके दे." बहुतेक वेळा मूठभर चिंचोके हातात पडतील. "हे पाच आहेत ना?" असं विचारलंत, तर ते ठासून 'हो' म्हणेल.

मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी १९९०च्या सुमारास हाच प्रकार पद्धतशीरपणे तपासला. मुलाला आधी फक्त 'एक' समजतो. एक मागितला तर ते एकच देतं, दोन मागितले तर मूठभर. काही महिन्यांनी 'दोन' समजतो, मग 'तीन'. साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास त्याच्या लक्षात येतं की मोजताना शेवटी तोंडातून येणारा आकडा हाच त्या ढिगाचा आकडा. आकडे म्हणता येणं आणि आकडा कळणं यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. या काळात मुलाला वस्तू हाताळाव्या लागतात, वाटाव्या लागतात, याला एक त्याला एक असं करत कमी पडल्या तर भांडावंही लागतं. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून म्हटलेल्या आकड्यांतून हे होत नाही.

तरीही आपल्याकडे लहान मुलांना एकत्र बसवलं की मोठ्यांच्या तोंडून पहिली आज्ञा ठरलेली बाहेर पडते : हाताची घडी, तोंडावर बोट. बालशिक्षणाच्या शास्त्राने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे सांगितलं, त्याच्या नेमकं उलट या चार शब्दांत आहे. लहान मूल हाताने विचार करतं आणि बोलून तो विचार पक्का करतं. आपण सुरुवातच या दोन्हींना बांधून करतो.

नंदुरबार जिल्ह्यात ही गोष्ट जास्त खुपते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, आणि त्यांतले शंभरात एकोणसत्तर लोक आदिवासी. धडगावच्या बाजूला पावरा, अक्कलकुव्यात वसावे, नवापुरात मावची आणि कोकणी, शिवाय खाली सपाटीवर अहिराणी आणि गुजरी बोलणारे. सातपुड्यातलं गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने बसलेली वस्ती नव्हे. टेकडीटेकडीवर विखुरलेले पाडे, आणि दोन घरांमध्ये शेत. अशा पाड्यावरचं चार वर्षांचं पोर शेळीमागे जातं, झऱ्यावरून छोटं भांडं भरून आणतं, धाकट्याला कडेवर घेतं, मोहाची फुलं वेचतं, आईच्या शेजारी बसून दाण्यांतले खडे निवडतं. कुठल्या झाडाला काय म्हणतात हे त्याला शहरातल्या पदवीधराहून जास्त ठाऊक असतं. ते मूल अंगणवाडीत येतं आणि गप्प बसायला शिकतं. शिक्षणाच्या नावाखाली त्याच्याकडून काहीतरी काढूनच घेतलं जातं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मुलाच्या हाताला काम द्यावं ही कल्पना आपल्याकडे रोमहून भावनगरमार्गे आली. मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की जिने-भिंती खराब करणारी मुलं कुठेतरी अडकवून ठेवावीत, एवढाच इमारतमालकांचा हेतू होता. माँटेसरींना तिथे एक तीन वर्षांची मुलगी दिसली. लाकडी ठोकळ्यातले लहानमोठे दट्टे काढायचे आणि आपापल्या खाचेत परत बसवायचे, हे काम ती चाळीसहून अधिक वेळा करत राहिली. भोवती गाणी झाली, तिची खुर्ची उचलून ठेवली, तरी तिचं लक्ष हललं नाही. लहान मुलं चंचल असतात हा समज तिथे कोलमडला. काम मुलाच्या मापाचं असेल तर त्याची एकाग्रता मोठ्यांना लाजवणारी असते.

त्या दट्ट्यांच्या ठोकळ्यात एक युक्ती आहे, आणि हाताने शिकण्याचं बरंचसं मर्म तिच्यात आहे. दट्टे दहा, खाचाही दहा. एक दट्टा चुकीच्या, मोठ्या खाचेत टाकला तर शेवटी एक दट्टा असा उरतो, जो कुठेच बसत नाही. चूक मुलाला वस्तू दाखवते, बाई नाही. त्यामुळे 'चुकलास' हे ऐकून खाली जाणारी मान नाही आणि 'शाबास'साठी बाईंकडे वळणारी नजरही नाही. दुसरं असं की त्यात एका वेळी एकच गोष्ट बदलते. फक्त जाडी, किंवा फक्त उंची. रंग, आकार, वजन सगळं एकदम बदललं तर मुलाला नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. बाजारात मिळणारी झगमगीत 'शैक्षणिक' खेळणी बहुधा इथेच नापास होतात.

भावनगरला वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवलं. इथवरची गोष्ट शहरातल्या सुस्थित घरांची आहे. माँटेसरींचं साहित्य महाग, बाया प्रशिक्षित, मुलं धुतलेल्या कपड्यांतली. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघरमधल्या, बोर्डी या खेडेगावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. तिथे त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. १९१० साली जन्मलेल्या, बालवयात वैधव्य आलेल्या, हट्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. १९५०च्या दशकात काम वारली वस्तीतल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई १९९२ साली जाईपर्यंत त्याच कामात राहिल्या.

बोर्डीत आणि कोसबाडला जे घडलं ते नंदुरबारशी थेट जोडता येतं. बालवाडी काढली, मुलं आली नाहीत. मग बाईच साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात बसल्या. तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर शाळाच कुरणात नेली आणि कुरणशाळा झाली. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळत म्हणून शाळेत येईनात, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले आणि त्याला विकासवाडी म्हटलं. मुलाच्या आयुष्याला शाळेचं माप लावायचं नाही, शाळेलाच मुलाच्या आयुष्याप्रमाणे बेतायचं. 'बालकेंद्री' हा शब्द आज प्रत्येक परिपत्रकात असतो. त्याचा इतका साधा आणि इतका कष्टाचा अर्थ क्वचितच कुणी लावला असेल.

साहित्याचंही तसंच. शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, काड्या, माती यांतून कोसबाडचं साहित्य उभं राहिलं. याकडे अजूनही 'गरिबांची माँटेसरी' म्हणून पाहिलं जातं. मला हे पटत नाही. वारली मुलाला शिंपला आधीच ओळखीचा होता. ओळखीच्या वस्तूत नवा संबंध शोधणं हेच शिकणं असेल, तर माँटेसरी साहित्यातल्या परदेशी गुलाबी मनोऱ्यापेक्षा शिंपलाच वरचढ. अट एवढीच की शिंपल्यांतही एका वेळी एकच फरक ठेवायला हवा आणि चूक वस्तूनेच दाखवायला हवी. ही शिस्त सुटली की उरतो तो नुसता पसारा.

आता हे सातपुड्यात करून बघू. बांबू तिथे घरोघरी आहे आणि तो विणणारे हातही. एकाच जाडीच्या बांबूच्या दहा नळ्या कापायच्या. पहिली चार बोटं लांब, दुसरी आठ बोटं, तिसरी बारा, अशा चढत्या. मूल त्या उतरंडीने मांडतं. चुकलं की जिना मधेच खचलेला दिसतो. थोडं मोठं मूल सर्वांत लहान नळी उचलून प्रत्येक नळीच्या टोकाला लावून बघतं, तेव्हा ती दर वेळी पुढच्या नळीशी बरोबर जुळते. प्रत्येक पायरीतला फरक सारखा आहे हे त्याला हातातून कळतं. पुढे शाळेत बेरीज येईल तेव्हा तिचा पाया इथे घातलेला असेल. कापताना मोजमाप मात्र काटेकोर हवं, कारण अर्ध्या बोटाचा फरक राहिला तर नळी मुलाला खोटं सांगते.

बांबूच्याच बंद डब्या घ्या. दोन डब्यांत नागली, दोनांत ज्वारी, दोनांत मका, दोनांत बारीक खडे. कानाशी हलवायच्या आणि आवाजावरून जोड्या लावायच्या. तळाला सारखी खूण केली की पडताळा मुलाचं मूलच घेतं. सागाचं खरखरीत पान आणि केळीचं गुळगुळीत पान डोळे मिटून ओळखायचं. नदीतले गोटे वजनाने लावायचे. यात आकार मोठा पण वजन कमी असा एखादा दगड मुद्दाम ठेवला की मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहण्यासारखा असतो. धान्याची मिसळ निवडायची, सुपात पाखडायची, एका लोट्यातून दुसऱ्या लोट्यात न सांडता पाणी ओतायचं. ही शेवटची कामं माँटेसरींनी 'व्यवहारातली कामं' म्हणून अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच ठेवली होती. रोममधल्या मुलांना ती शिकवावी लागली, सातपुड्यातली मुलं ती घरूनच शिकून येतात. अंगणवाडीने त्यांना फक्त मान द्यायचा आहे.

बियांबद्दल मात्र सावध राहायला हवं. तीन वर्षांच्या आतलं मूल बी नाकात किंवा कानात घालतं, तोंडात टाकलेलं बी श्वासनळीत अडकू शकतं. त्यामुळे लहानग्यांना हे काम बाई शेजारी असतानाच. आणि गुंज बिलकुल नको. लाल-काळ्या गुंजा दिसायला इतक्या सुंदर की माळ ओवायला पटकन हातात येतात, पण त्या अत्यंत विषारी असतात, आणि ओवण्यासाठी भोक पाडलं की वरचं कठीण कवच फुटून विष मोकळं होतं. एरंड आणि मोगली एरंडाच्या बियाही वर्ज्य. 'परिसरातलं साहित्य' म्हणून सांगणाऱ्या पुस्तिकांनी ही यादी ठळक छापायला हवी. नंदुरबारच्या प्रसिद्ध मिरचीबद्दल वेगळं सांगायला नको. रंगओळखीसाठी कितीही लालभडक असली तरी तिला लागलेले हात पुढे डोळ्यांना लागतात.

या सगळ्यात पाटी-पेन्सिल कुठे आली नाही, म्हणून पालक अस्वस्थ होतात. त्यांनी मुलाचा हात किती तयार झाला आहे तेही बघावं. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, कूर्चा असते. एकेक करून ती हाडात बदलतात आणि शेवटचं हाड साधारण नवव्या ते बाराव्या वर्षांदरम्यान दिसू लागतं. याचा अर्थ तोवर लिहू नये असा नव्हे. पण तीन वर्षांच्या हाताला 'अ' गिरवायला लावण्यापेक्षा माती मळू देणं, दोर वळू देणं, चिमटीने दाणे उचलू देणं त्याच्या बोटांना जास्त तयार करतं, हे या वयाच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या कुणालाही दिसतं.

हाताचं झालं. आता तोंडावरचं बोट.

घरी आईला 'याहा' म्हणणारं वसावे मूल अंगणवाडीच्या दारात पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या बोलीचं काय होतं, हा या जिल्ह्यातला खरा कठीण प्रश्न आहे. नियमाप्रमाणे अंगणवाडी सेविका त्याच गावची असते, म्हणजे ती बोली तिला बहुधा येते. ही केवढी मोठी जमेची बाजू! शहरातल्या महागड्या शाळांना ती विकत मिळणार नाही. पण प्रशिक्षण मराठीत, पुस्तिका मराठीत, तपासायला येणाऱ्या मुख्यसेविका मराठी बोलणाऱ्या. त्यामुळे 'शिकवणं' सुरू झालं की ताईही मराठीवर येते आणि गप्पा, रागावणं, जेवण वाढणं तेवढं बोलीत राहतं. मूल यातून एक गोष्ट पक्की शिकतं : आपली भाषा शिकण्याच्या कामाची नाही.

मराठी यायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पुढे पहिलीला, अनेकदा घरापासून दूरच्या आश्रमशाळेत, सगळं मराठीतच आहे. पण तुलना करणं, कारण सांगणं, 'असं केलं तर काय होईल' असा अंदाज बांधणं ही विचाराची कामं मूल आधी आपल्या भाषेतच करू शकतं. एकदा ती जमली की दुसऱ्या भाषेत नेणं सोपं. 'मोठा-लहान' हा फरक मुळातच घट्ट झाला नसेल तर मराठी शब्द नुसता जिभेवर राहतो. म्हणून बांबूच्या नळ्यांशी खेळताना बोलणं पावरीत होऊ द्यावं, आणि खेळ हातात बसल्यावर तीच वाक्यं मराठीत म्हणावीत. गाणी, बडबडगीतं यांतून मराठी कानावर रोज पडत राहावी. दोन्हींची सरमिसळ झाली तर ताईने घाबरू नये. दोन भाषांत वाढणारी मुलं सगळीकडे तसंच बोलतात.

सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या न्यूझीलंडमधल्या शिक्षिकेने माओरी मुलांसोबत याची पुढची पायरी शोधली होती. त्यांचं 'टीचर' हे पुस्तक १९६३ साली आलं. त्या रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कुठला शब्द हवा? मूल जो सांगेल तो जाड कागदावर लिहून त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही, तर तो शब्द त्याचा नव्हताच असं समजून कागद फेकून देत. टिकलेले शब्द बहुतेक भीतीचे आणि प्रेमाचे असत. पाच वर्षांच्या पावरा मुलाकडून कुठले शब्द येतील? होळी, ढोल, बिबट्या, बाजार, लाँच, कोयता. वाचनाची सुरुवात यांतून होऊ शकते. अननसाचा 'अ' थांबेल थोडा.

याच जिल्ह्यात बोलीतून शिकवण्याचा एक प्रयत्न तीसेक वर्षांपूर्वी झालेला आहे, जरी तो अंगणवाडीच्या वयाचा नव्हता. सरदार सरोवराच्या बुडिताविरुद्धच्या लढ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा सुरू केल्या. पुढे नर्मदाकाठच्या आणखी गावांत त्या पसरल्या. गावातले शिकलेले तरुण शिक्षक झाले, सुरुवातीचं शिकवणं पावरी-भिलोरीत झालं, बोलीतली वाचनपुस्तकं तयार झाली, आणि जंगल, नदी, औषधी झाडं हे विषय म्हणून वर्गात आले. काही शाळांची घरं धरणाच्या पाण्यात गेली आणि वरच्या अंगाला पुन्हा बांधली गेली. आंदोलनाच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, बोलीत सुरुवात करून मराठीत जाणं या डोंगरात शक्य आहे, हे त्या शाळांनी दाखवलं. ते ज्ञान खालच्या वयासाठी अंगणवाड्यांकडे यायला हवं होतं. ते फारसं आलं नाही, आणि यात तोटा कुणाचा झाला हे उघड आहे.

मूल पुढे, बाई मागे, असं म्हटलं की एक गैरसमज हमखास होतो : म्हणजे बाईला काम नाही. उलट असं वर्गकाम बोलून शिकवण्यापेक्षा थकवणारं आहे. आदल्या दिवशी ताटल्यांत साहित्य मांडून ठेवायचं. ते मुलाच्या हाताच्या उंचीवर, दिसेल असं. कुलुपातल्या पेटीतलं साहित्य हे साहित्यच नव्हे. एका ताटलीत एकच काम. एखादं नवं काम मुलाला शब्द न वापरता, सावकाश, एकदा करून दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. मग बघायचं. कोण कशावर किती वेळ थांबलं, कुठे अडलं, कुणी काय सोडून दिलं. दिवसाअखेर प्रत्येकाच्या नावापुढे नाही, पण चार मुलांच्या नावापुढे एकेक ओळ लिहायची आणि त्यावरून उद्याच्या ताटल्या बदलायच्या. मध्ये पडण्याचा मोह आवरणं हे सर्वांत अवघड. मूल दट्टा चुकीच्या खाचेत घालत असताना मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो.

स्वातंत्र्यालाही कुंपण असतं. कुठलं काम घ्यायचं हे मुलाने ठरवायचं, पण घेतलेलं जागेवर ठेवायचं. दुसऱ्याच्या हातातलं ओढायचं नाही, थांबायचं. काम मोडायचं नाही. एवढ्या तीन नियमांत वीस-पंचवीस मुलांचा वर्ग चालतो, कारण तीन ते सहा अशी सगळी वयं एकत्र असल्याने मोठी मुलं लहानांना दाखवतात. पाड्यावर नाहीतरी सहा वर्षांची बहीण तीन वर्षांच्या भावाची गुरू असतेच. वयाप्रमाणे वेगळे वर्ग करण्याची शहरी हौस इथे आणूच नये.

या सगळ्याला 'पण आधी पोट' असं उत्तर नंदुरबारमध्ये नेहमी मिळतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. इथलं कुपोषण हा खरा आणि जुना प्रश्न आहे. ताईचा बराचसा दिवस वजनकाटा, घरपोच आहार, लसीकरण, गृहभेटी आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरच्या नोंदी यांत जातो. मात्र पोट आणि खेळ यांत निवड करावी लागते, ही समजूत एका प्रयोगाने खोडून काढली आहे. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८०च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वयाच्या मानाने खुजी राहिलेली १२९ मुलं निवडली, वय ९ ते २४ महिने. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाई, घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई आणि आईला मुलाशी कसं खेळायचं-बोलायचं ते दाखवी. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी आहारानेही विकास सुधारला, खेळानेही सुधारला, आणि दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे होती. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त होती. पदवीधर तज्ज्ञ नाहीत, विकतचं साहित्य नाही, तासभराची भेट आणि घरगुती खेळणी. धडगावच्या ताईला गृहभेट करावीच लागते. त्या भेटीत वजनाच्या जोडीला दहा मिनिटं खेळाची घालणं, हा या जिल्ह्यासाठी सर्वांत स्वस्त बदल ठरेल.

कागदावर सरकार याच्या विरोधात नाही, उलट बाजूनेच आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हापासून शाळापूर्व शिक्षण तिच्या सेवांमध्ये आहे. राज्याच्या अंगणवाड्यांसाठी 'आकार' हा खेळातून शिकवण्याचा अभ्यासक्रम आखला गेला. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एक सलग पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी-कोड्यांचा 'जादुई पिटारा' आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'पोषण भी, पढाई भी' हा अंगणवाड्यांसाठीचा कार्यक्रम. घोषणांची उणीव नाही. मात्र शिक्षणाचा हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो. त्याआधीच्या शिक्षणाबद्दल घटनेच्या ४५व्या कलमात राज्याने 'प्रयत्न करावा' एवढंच आहे. ताईच्या कामाचा हिशेबही तसाच होतो. वजन चुकलं तर विचारणा होते, खेळ झाला नाही तर कुणी विचारत नाही.

आणि शेवटी स्थलांतर. दिवाळी झाली की डोंगरातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातेत किंवा राज्यातल्या साखरपट्ट्यात जातात, सोबत मुलंही. परततात तेव्हा अंगणवाडीचे कित्येक महिने बुडालेले असतात. आठवड्याला एक विषय अशा ठरलेल्या वेळापत्रकात हे मूल 'मागे पडलेलं' ठरतं, कारण फळांचा आठवडा झाला, वाहनांचा झाला. मुलाच्या गतीने चालणाऱ्या वर्गात मागे पडणं ही भानगडच नाही. ते आल्या दिवशी ताटल्यांसमोर उभं राहतं आणि जिथे होतं तिथून सुरू करतं, किंवा पुढूनच. फडावर त्याने मोळ्या बांधताना, बैलगाडी आणि ट्रक भरताना बघितलेलं असतं. ते त्याला काढू द्यावं, मातीत बनवू द्यावं, सांगू द्यावं. महाराष्ट्राने २०२१ साली हंगामी स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांची नोंद ठेवणारी एमटीएस प्रणाली चाचणीसाठी सुरू केली, तेव्हा निवडलेल्या जिल्ह्यांत नंदुरबारही होता. तिच्यात मुलाचं वजन आणि आहार त्याच्यामागोमाग जावा अशी सोय आहे. त्याच नोंदीत मूल कुठली बोली बोलतं, कुठल्या कामावर रमतं आणि किती चिंचोके मोजून देतं, एवढ्या तीन ओळींची जागा करायला फार खर्च येणार नाही.